छत्तीसच्या रोलचे बहात्तर

गेल्या मे महिन्यात मामाचा फोन आला. "पुढच्या आठवड्यात वाडा पाडायला घेतायत. काय फोटो काढायचेत ते रविवारी येऊन काढ."

नारायण पेठेतला वाडा, आईचं माहेर. खिशात चांगला फोन होता, तरी मी मुद्दाम ऑलिंपस पेन ईई घेऊन गेलो. फोनमधले फोटो कोण परत बघतं, हा माझा तेव्हाचा माज. जिन्याचा झिजलेला कठडा, चौकातला हौद, कोनाडे, देवघराच्या दारात बसलेली आजी. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो बसतात, म्हणून सावकाश काढत होतो. बहात्तर झाले तरी कॅमेऱ्याचं चाक फिरतच होतं. पंचाहत्तर, शहात्तर. मी खूश, जास्तीचे मिळतायत म्हणून! मग रोल गुंडाळायला घेतला आणि कळ दोन फेऱ्यांत मोकळी झाली. फिल्मचं टोक रिळात अडकलंच नव्हतं. सकाळपासून एकही फोटो निघाला नव्हता.

त्या फजितीकडे परत येतो. आधी बहात्तरचं गणित.

नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर एक फोटो २४ × ३६ मिमीचा असतो. हाफ-फ्रेम कॅमेरा त्याच जागेत १८ × २४ मिमीचे दोन बसवतो. पण यातल्या 'हाफ' शब्दावर माझा आक्षेप आहे. ३५ मिमीची पट्टी मुळात सिनेमाची, आणि मूकपटाची चौकट साधारण १८ × २४ मिमीचीच होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, त्यात हीच पट्टी चालायची. पुढे जर्मनीत ऑस्कर बार्नाकने ही पट्टी आडवी धरून चौकट दुप्पट केली. त्याचा लायका १९२५ मध्ये बाजारात आला आणि दुप्पट तेच 'फुल' ठरलं. म्हणजे आपण ज्याला अर्धं म्हणतो, ते खरं तर मूळ माप!

शिवाय कॅमेऱ्यात फिल्म आडवी सरकते, त्यामुळे हाफ-फ्रेमची चौकट उभी पडते. पेनच्या खिडकीतून बघितलं की जग उभं दिसतं, तुम्ही आत्ता हातात धरलेल्या फोनसारखं.

या कॅमेऱ्यामागचा माणूस योशिहिसा मैतानी. वासेदा विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि १९५६ मध्ये ऑलिंपसमध्ये लागला. स्वतः लायका वापरणारा. सराव म्हणून कॅमेरा डिझाइन कर असं सांगितल्यावर त्याने किंमत धरली ६,००० येन. कंपनीचे तेव्हाचे कॅमेरे वीस हजार येनच्या पुढे होते. चौकट अर्धी केली की कॅमेरा लहान होतो, फिल्मचा खर्चही निम्म्यावर येतो. पण लहान निगेटिव्ह मोठी करून छापायची, तर लेन्स उत्तम हवी. म्हणून त्याने आधी लेन्स पक्की करून घेतली: २८ मिमी, एफ ३.५, टेसार पद्धतीची चार भिंगं. तिचं नाव डी. झुइको, डी हे चौथं अक्षर म्हणून चार भिंगं. बजेटचा मोठा वाटा तिथेच संपला.

उरलेल्या पैशांत बाकीचा कॅमेरा. फिल्म पुढे सरकवायला खटका लावायचा तर गिअरची साखळी आली, खर्च आला. त्याऐवजी त्याने मागच्या बाजूला अंगठ्याने फिरवायचं दातेरी चाक दिलं. हे खेळणं आमच्याकडे बनणार नाही असं कारखान्यातून सांगण्यात आलं, तेव्हा सुरुवातीचं उत्पादन बाहेरून करून घेतलं. १९५९ मध्ये पेन विक्रीला आला.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे बजेट कमी पडलं की आधी टेस्टिंग कापतात, कारण ते डेमोत दिसत नाही. लेन्सची प्रतही दुकानात दिसत नाही, ती छापून आल्यावर कळते. मैतानीने जे दिसतं ते कापलं. हे वाचल्यावर मी पहिला पेन शोधायला लागलो.

मिळाला तो पेन ईई, १९६१ चं मॉडेल. लेन्सभोवती सेलेनियमचं खडबडीत कडं आहे. त्यावर उजेड पडला की वीज तयार होते आणि कॅमेरा स्वतःच एक्स्पोजर ठरवतो. बॅटरी लागतच नाही. उजेड कमी असला तर खिडकीत लाल पट्टी वर येते आणि बटण दबत नाही. मग व्यसन लागलं. आता रिकोचा ऑटो हाफ आहे. त्याला घड्याळासारखी चावी देऊन ठेवायची, फिल्म आपोआप सरकते. आणि सोव्हिएत काळात मिन्स्कमध्ये बनलेला 'चायका' आहे. पहिली महिला अंतराळवीर तेरेश्कोवा हिचं उड्डाणातलं सांकेतिक नाव तेच होतं, त्यावरून हे नाव. कॅमेरा म्हणून यथातथाच, पण नावासाठी ठेवलाय.

ही लाट फार टिकली नाही. बचत फक्त फिल्मवर होती. छापायचे तर बहात्तर फोटोंचे पैसे बहात्तर फोटोंचेच. शिवाय १९६६ मध्ये रोलाय ३५ आला आणि पूर्ण चौकटीचा कॅमेराही खिशात मावू शकतो हे दिसलं. आता फिल्म महाग झाल्यावर जुनं गणित पुन्हा जमायला लागलंय. पेंटॅक्सने २०२४ मध्ये चक्क नवा हाफ-फ्रेम कॅमेरा काढला.

वाड्याचं सांगतो. मी त्या दिवशी घाईघाईने फोनवर चार फोटो काढले, तोवर संध्याकाळ झाली होती. दोन हलले. आजी सामान बांधत होती, पुन्हा दारात बस म्हणायला जीभ रेटली नाही. पुढचा रोल तिच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढला. स्कॅन करणारा दोन चौकटी एकत्रच देतो, त्यामुळे एका फोटोत डावीकडे गॅलरीत उभी आजी आहे आणि उजवीकडे प्लायवूडच्या कपाटावर मांडलेले वाड्यातले देव.

आता प्रत्येक फोटोनंतर चाक फिरवताना मी वरच्या रिवाइंडच्या कळीकडे बघतो. फिल्म सरकत असेल तर तीही फिरते. त्या रविवारी ती दिवसभर जागची हलली नव्हती.