मुंग्या मोजायच्या कशा? : अॅनालॉग केबल टीव्हीच्या गुणवत्तेचा इतिहास

आजचा विषय तांत्रिक वाटेल, पण मुळात हा एका साध्या भांडणाचा इतिहास आहे. गिऱ्हाईक म्हणतं, चित्र खराब येतंय. केबलवाला म्हणतो, आमच्याकडून तर चांगलंच निघतंय. निवाडा करायचा कसा?

केबल टीव्ही सुरू झाला अमेरिकेत, १९४०च्या दशकाच्या अखेरीस. पेनसिल्व्हेनिया, ओरेगॉन इथल्या काही गावांत घरच्या अँटेनावर चित्र धड येत नसे. मग उंचावर एक मोठा अँटेना उभारायचा आणि तिथून घरोघरी तार न्यायची. तारेत सिग्नल क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर अॅम्प्लिफायर आले. पण प्रत्येक अॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर स्वतःचा थोडा गोंगाटही मिसळतो. आपण ज्याला पडद्यावरच्या 'मुंग्या' म्हणायचो, त्या याच.

तुम्ही म्हणाल, मग सिग्नल जोरात सोडा की! गोम तिथेच आहे. पातळी फार वाढवली की अॅम्प्लिफायरमध्ये वाहिन्या एकमेकींत मिसळतात. तीन वाहिन्यांच्या लहरींची बेरीज-वजाबाकी होऊन नको असलेली लहर भलत्याच वाहिनीवर येऊन बसते. याला म्हणतात ट्रिपल बीट. हिशोब असा, की पातळी १ डेसिबलने वाढवली तर गोंगाटाच्या बाजूने १ डेसिबलचा फायदा, पण ट्रिपल बीटच्या बाजूने २ डेसिबलचा तोटा. अॅम्प्लिफायरची संख्या दुप्पट झाली की गोंगाटात ३ डेसिबलचं नुकसान आणि ट्रिपल बीटमध्ये साधारण ६ डेसिबलचं. शिवाय वाहिन्या दुप्पट झाल्या की असे बीट जवळपास चौपट होतात. म्हणजे केबलवाल्याला कायम दोन भिंतींमधून वाट काढायची होती.

आता मोजमाप. पहिलं साधन होतं माणसाचा डोळा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस 'टासो' या अमेरिकी अभ्यासगटाने प्रेक्षकांना कमी-अधिक बिघडलेली चित्रं दाखवून त्यांची प्रतवारी करून घेतली. 'उत्कृष्ट'पासून 'निरुपयोगी'पर्यंत सहा पायऱ्या होत्या. हा अभ्यास केबलसाठी नव्हता, पण किती डेसिबलला डोळ्याला त्रास होतो, याचा अंदाज त्यातून मिळाला.

पुढे स्पेक्ट्रम अॅनालायझर आला. ट्रिपल बीट मोजायची रीत मोठी छान आहे: ज्या वाहिनीची तपासणी करायची, तिचाच वाहक बंद करायचा. त्या जागी जे शिल्लक दिसतं, ती घाण! गोंगाट मोजताना यंत्र एका वेळी अरुंद पट्टा बघतं, समजा ३० किलोहर्ट्झ. पण अमेरिकेतलं चित्र व्यापायचं सुमारे ४ मेगाहर्ट्झ. म्हणून आकड्यात सुमारे २१ डेसिबलची दुरुस्ती करावी लागते. ती विसरली तर जाळं कागदावर उगाचच उत्तम ठरतं.

१९९२ साली अमेरिकेच्या एफसीसीने नियम कडक केले. सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक आधी किमान ३६ डेसिबल, १९९३मध्ये ४०, १९९५मध्ये ४३. माझ्या मते त्याहून महत्त्वाची अट होती, ती मोजायचं कुठे याची. तपासणीच्या ठिकाणांपैकी किमान एक तृतीयांश ठिकाणं जाळ्याच्या अगदी टोकाकडच्या ग्राहकांचं प्रतिनिधित्व करणारी हवीत. तीही वर्षातून दोनदा, थंडीत आणि उन्हाळ्यात, कारण तापमानाबरोबर तारेतली घट बदलते. म्हणजे शेवटच्या घराची तक्रार नियमात आली.

आपल्याकडे १९९१च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली केबल पसरली. कायदा आला १९९५ साली. तोवर तारा गच्चीवरून गच्चीवर गेल्या होत्या, आणि मोजमाप बहुतेक वेळा 'मुंग्या आहेत का हो?' एवढंच. २०१२मध्ये मुंबई डिजिटल झाली आणि मुंग्याही गेल्या. डिजिटल चित्र हळूहळू बिघडत नाही. ते बराच वेळ स्वच्छ दिसतं, मग तुकडे होतात आणि एकदम जातं. त्यामुळे मोजमापाची गरज संपली नाही, उलट वाढली. पूर्वी मुंग्या आधी सूचना द्यायच्या. आता ती फक्त यंत्रच देऊ शकतं.