वेण्णेचें हिंव आणि बोस्टनचा बर्फ

महाडाहून पोलादपूर ओलांडून आंबेनळीचा घाट चढूं लागलें म्हणजे पौषाच्या एकाच दिवसांत वाटसरूला दोन ऋतु भेटतात. खालीं सावित्रीच्या कांठीं दुपारीं अंगांत सदरा नकोसा होतो. वर साडेचार हजार फुटांवर, महाबळेश्वरीं, शेकोटी पेटलेली असते. सावित्री ह्याच पठारावर उगम पावून पोलादपूर व महाड ह्यांच्या अंगावरून जाते आणि बाणकोटापाशीं समुद्राला मिळते. रेल्वे व मोटारी यांचा काळ येण्यापूर्वीं मुंबईचे कित्येक साहेबलोक थंड हवेसाठीं निघत, ते ह्याच नदीच्या खाडींतून दासगांव-महाडाच्या बाजूस येत आणि पुढें पालखींत बसून घाट चढत. थंडी साहेबांची, घाम मात्र भोयांचा.

महाबळेश्वरची वसाहत गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दींत, १८२८-२९ च्या सुमारास, उभी राहिली. वेण्णा तलाव त्यानंतरचा. सातारच्या आप्पासाहेब महाराजांनीं तो १८४२ सालीं बांधविला. ऐन हिंवाळ्यांत, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला अशी एखादी रात्र गेली, कीं सकाळीं ह्या तलावाकांठच्या गवतावर, होड्यांच्या धक्क्याच्या फळ्यांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दंव गोठून पांढरी साय धरलेली दिसते. बागाइतदाराचा जीव त्या पानांत अडकलेला असतो, प्रवाशाला मात्र कौतुक वाटतें. नवल असें, कीं त्याच पहाटे गांवांतील पारा शून्याच्या पुष्कळ वर असतो. उघड्या आकाशाखालीं जमीन आपली उष्णता रात्रभर वर सोडीत राहते, थंड झालेली जड हवा उतारावरून ओघळून वेण्णेच्या खोलगट भागांत सांचते, आणि पाण्याकांठचें दंव गोठतें. उत्तर हिंदुस्थानांत पूर्वीं ह्याच न्यायानें बर्फ करीत असत. खड्ड्यांत उंसाचीं चिपाडें पसरून त्यांवर उथळ मातीचीं भांडीं पाण्यानें भरून ठेवीत व सूर्योदयापूर्वीं पापुद्रे गोळा करीत. ह्या युक्तीची हकीकत सर रॉबर्ट बार्कर ह्यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथांत छापविली.

गवत गोठतें तरी तलाव गोठत नाहीं, ह्याचें कारण पाण्याच्या स्वभावांत आहे. पाणी चार अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें. म्हणून वरचा थर निवला कीं तो खालीं बसतो आणि खालचें उबदार पाणी वर येतें. ही उलथापालथ सर्व पाणी चार अंशांवर येईपर्यंत चालते. त्यानंतरच वरचा थर वरच राहून गोठूं शकतो. त्यासाठीं थंडीनें दिवसरात्र मुक्काम ठोकला पाहिजे. वेण्णेवर ती रात्रीची पाहुणी. ऊन वर आलें कीं तिचा मागमूस राहत नाहीं.

खरोखर गोठलेल्या तळ्याचा बर्फ मुंबईनें पाहिला तो अमेरिकेहून आलेला. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर ह्यानें १८३३ सालीं ‘टस्कनी’ जहाजांतून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. लाकडाच्या भुशांत बांधलेला तो माल चार महिन्यांनीं बंदरांत पोंचला तेव्हां सुमारें १०० टन शिल्लक होता. पुढल्याच वर्षीं मुंबईलाहि बर्फ आला. जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें. यजमान व पाहुणे सर्वांनाच पडसें झालें, असें ‘मुंबई समाचारा’नें छापलें. मुंबई, कलकत्ता, मद्रास येथें बर्फघरें उठलीं. त्यांपैकीं मद्रासची इमारत आज विवेकानंदांच्या नांवानें उभी आहे. १८७८ त कलकत्त्यास यंत्रानें बर्फ करणारी कंपनी निघाली आणि हा दर्यावरचा व्यापार हळूहळू बसला.

ट्यूडरचीं माणसें १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत वॉल्डन नांवाच्या तळ्यावर बर्फ कापीत होतीं. तेथें राहणाऱ्या थोरो ह्या ग्रंथकारानें त्या तळ्याचा बर्फ पूर्ण फुटल्याच्या तारखा टिपून ठेवल्या आहेत: १८४५ त १ एप्रिल, १८४६ त २५ मार्च, १८४७ त ८ एप्रिल. आतां तेंच तळें सरासरीनें दोन आठवडे अगोदर मोकळें होतें. जपानांतील सुवा सरोवराची नोंद तर १४४३ सालापासूनची आहे, आणि ती ठेवली देवळाच्या पुजाऱ्यांनीं. गोठलेल्या सरोवरावर बर्फाचा जो उंच वरंबा उठतो, ती देवाची देवीकडे जाण्याची वाट, अशी त्यांची श्रद्धा. पहिल्या अडीचशें वर्षांत सरोवर न गोठल्याचीं वर्षें अवघीं तीन. १९५५ ते २००४ ह्या पन्नास वर्षांत बारा. २०१८ त देवाची वाट उमटली, पण त्यानंतरचे हिंवाळे लागोपाठ कोरडे गेले. उत्तर गोलार्धांतील अनेक तळ्यांच्या व नद्यांच्या अशा वह्या एकत्र करून २००० सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें, कीं १८४६ पासून १९९५ पर्यंत पाणी गोठण्याची तारीख शंभर वर्षांस सुमारें सहा दिवस पुढें ढकलली गेली आणि वितळण्याची साडेसहा दिवस अलीकडे आली. पुजाऱ्यांनीं हें केलें भक्तीपोटीं. उपयोगी पडलें तें विज्ञानाला.

सावित्रीच्या खोऱ्याला गोठणाऱ्या तळ्यांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. हवा एक अंशानें तापली कीं ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरूं शकते. जपानांत बर्फ हरवतो, सह्याद्रींत तें बाष्प पावसाच्या रूपानें उतरतें. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २२ तारखेलाच महाड शहर पाण्याखालीं गेलें होतें, आणि त्याच तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. ह्या एका पावसाचा सगळा दोष तापत्या हवेच्या माथीं मारणें घाईचें होईल. नदीच्या पात्रांत गाळ सांचल्याची महाडकरांची तक्रार जुनी आहे. पुरानंतर तो गाळ उपसण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. तळियेकरांचीं घरें मात्र दुसऱ्या जागीं वसवावीं लागलीं.