खोली नंबर ६४१ए आणि घटनेतलं अर्धं वाक्य

सरकारी पाळत म्हटलं की आपल्याला स्नोडेन आणि २०१३ आठवतं. आज आपण त्याच्याही सात वर्षं मागे जाऊ. जानेवारी २००६, अमेरिका.

महिनाभरापूर्वीच न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी फोडली होती की एनएसए ही गुप्तचर संस्था अमेरिकेतल्या लोकांचे परदेशी कॉल आणि ईमेल वॉरंटशिवाय तपासते. २३ जानेवारीला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये जनरल मायकेल हेडन बचावाला उभे राहिले. एनएसएचे माजी प्रमुख. पत्रकार जोनाथन लँडेंनी विचारलं, घटनेच्या चौथ्या दुरुस्तीत 'प्रोबेबल कॉज', म्हणजे सबळ कारण हवं, असा निकष आहे ना? हेडन म्हणाले, नाही, तिथे 'अवाजवी झडती' असं म्हटलंय. लँडेंनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही! वर हेही ऐकवलं की एनएसएच्या लोकांना कुठली दुरुस्ती चांगली ठाऊक असेल, तर ती चौथीच.

१७९१ सालची ही दुरुस्ती एकाच वाक्याची आहे. आधी अवाजवी झडतीला मनाई, आणि पुढे लगेच, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघणार नाही. म्हणजे दोन्ही आहे. मला हे निव्वळ अज्ञान वाटत नाही. वाजवी काय ते एजन्सीच ठरवणार असेल, तर न्यायाधीशाकडे जायलाच नको. वाक्य अर्ध्यावर थांबवलेलं सोयीचं!

त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत एटी अँड टीचा निवृत्त टेक्निशियन मार्क क्लाइन कागदपत्रं घेऊन ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेकडे गेला. त्याचं म्हणणं होतं, फॉल्सम स्ट्रीटवरच्या कंपनीच्या इमारतीत ६४१ए ही एनएसएची बंद खोली आहे आणि इंटरनेटच्या फायबरला स्प्लिटर लावून सगळा ट्रॅफिक तिथे नेलाय. आता स्प्लिटर काही हुशार यंत्र नाही. तो प्रकाशाचे दोन भाग करतो. एक आपल्या वाटेनं जातो, दुसरा तोच डेटा घेऊन खोलीत. संशयित कोण, साधा माणूस कोण, हे काचेला कळत नाही, सगळ्यांचीच कॉपी होते. मग सबळ कारण दाखवणार तरी कुणाविरुद्ध?

३१ जानेवारीला ईएफएफनं कंपनीवर दावा लावला. सरकारनं 'राष्ट्रीय गुपित' म्हणून तो बंद पाडायचा प्रयत्न केला, पण न्यायाधीशांनी ऐकलं नाही. शेवटी जुलै २००८ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदाच बदलला आणि मदत करणाऱ्या टेलिकॉम कंपन्यांना मागच्या प्रकरणांसाठीही संरक्षण दिलं. २००९ मध्ये दावा बाद झाला. तोवर हेडन सीआयएचे प्रमुख होऊन त्या खुर्चीवरून उतरलेही होते. आणि हो, त्या कायद्याच्या बाजूनं मत देणाऱ्यांत एक सिनेटर होते बराक ओबामा.