परागंदा धनी आणि अभंग विवाह

काशीचा भोसले घाट गंगेतून पाहिला, तर नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेला दगडी वाडा, खाली थोराड भिंती आणि पार वरच्या मजल्यावर तेवढ्या लहान नक्षीदार खिडक्या, असा समोर येतो. आणि ज्या घराण्याने येथे लक्ष्मीनारायणाची स्थापना केली, त्याच घराण्याचे आप्पासाहेब, सीताबर्डीस इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर कैद होऊन प्रयागकडे नेले जात असता, मे 1818 मध्ये वाटेतूनच निसटले व बावीस वर्षे परागंदा राहून 1840 मध्ये जोधपुरास वारले, हे सहज स्मरते.

अशा धन्याच्या पत्नीची धर्मशास्त्रात काय वाट होती? पती नाहीसा झाला, मेला, संन्यासी, क्लीब वा पतित झाला, तर स्त्रीने अन्य पती करावा, अशी अनुज्ञा नारद-पराशरांनी दिली खरी. परंतु पराशराचे भाष्यकार माधवाचार्य यांनी ती युगांतराची ठरवून कलियुगास वर्ज्य केली. कुणब्याच्या घरी काडीमोड होई, पुनर्विवाहाचा पाट लागे, आणि सरकार त्यावर पाटदाम हा कर वसूल करी. सरदारघराण्यास मात्र पाट न लावणे हेच कुलीनतेचे लक्षण वाटे. पुरुषाची अडचण मुळातच नव्हती: ब्रह्मावर्तास आठ लाखांच्या तनख्यावर बसलेल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी राज्य गेल्यावरही नवी लग्ने केली.

परागंदा पतीच्या पत्नीची वाट रशियात उलट, मोकळी होती. जारशाहीत घटस्फोट धर्मपीठाच्या हाती असून दुर्मीळ होता. तथापि जोडीदार पाच वर्षे बेपत्ता असणे, किंवा सर्व हक्क गमावून सैबेरियास हद्दपार होणे, ही त्याची मान्य कारणे होती. क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या उमरावांची लग्ने परदेशी एकामागून एक मोडली. खुद्द जारची चुलतबहीण मारिया पाव्लोव्हना 1923 मध्ये पती पुत्यातिन याच्यापासून विभक्त झाली. वतन गेले तशी सोयरीकही गेली. आमच्या परागंदांनी राज्य गमावल्यावर कुळाचार अधिकच घट्ट धरला, आणि त्याची किंमत, माझ्या मते, अंतःपुराने चुकविली.

आमच्याकडे ही वाट कायद्याने फार उशिरा उघडली. बडोद्यास सयाजीरावांनी 1931 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. नागपूर आणि काशी या दोन्ही ठिकाणच्या हिंदू स्त्रीस, सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या पतीपासून मुक्त होण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला.