बंदुकीवरचा शेवटचा हात

यूएईतल्या जुन्या किल्ल्यांमध्ये आता संग्रहालयं आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एक भिंत शस्त्रांची असते. खंजीर, तलवारी, ढाली, आणि त्यांच्या शेजारी एक लांबलचक, सडपातळ बंदूक. लाकूड काळपट, नळीभोवती ठिकठिकाणी चांदीचे नाहीतर पितळेचे पट्टे. इथल्या बोलीत तिला 'बू फतीला' म्हणतात, म्हणजे 'वातवाली'. फतीला म्हणजे वात. हाच अरबी शब्द फारसीत गेला तेव्हा त्याचा 'पलीता' झाला आणि आपल्याकडे आला तेव्हा 'पलिता'. शाळेच्या इतिहासात आपण तोफांना पलिता लावणारे गोलंदाज वाचलेले असतात, त्यामुळे ही बंदूक आपल्याला वाटते तेवढी परकी नाही.

मराठीत हिचं साधं नाव ठासणीची बंदूक. दारू आणि गोळी तोंडाकडून घालायची, गजाने ठासायची, नळीच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या भोकाशी, म्हणजे कान्याशी, रंजक ठेवायची आणि धुमसती जामगी तिला टेकवायची. नळी आतून बहुतेकदा गुळगुळीत असे. 'रायफल' म्हणायला नळीत आटे लागतात. पण तो फरक आजच्या विषयासाठी फारसा महत्त्वाचा नाही.

आजचा विषय आहे शेवटचा हात. नळी तयार झाली, लाकूड कोरून झालं, दोन्ही जुळली. अजून बंदूक वापरण्याजोगी झालेली नाही. लोखंड उघडं आहे, लाकूड कोरडं आहे. यानंतर जे घासणं, तेल पाजणं, रंगवणं, मढवणं होतं, त्याला आपण सहसा सजावट समजतो. माझं म्हणणं असं, की हिंदी महासागराच्या काठावर बंदूक टिकणार की नाही, हे याच कामावर ठरायचं. आणि ती बंदूक कुठली, कोणाची, कुठून कुठे गेली, हेही आज आपल्याला याच थरांवरून सर्वांत चांगलं कळतं.

लोखंडाची कातडी

आधी नळी. हिंदुस्थानातल्या नळीच्या कामाचं सर्वांत नेमकं वर्णन अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त सापडतं. सोळाव्या शतकाच्या शेवटी तो लिहितो, की लोखंडाची पट्टी ठोकून पसरट करतात, मग ती तिरकी गुंडाळत नेतात आणि कडा एकमेकींवर चढवून आगीत जोडतात. कागदाची सुरळी तिरकी गुंडाळावी, तशी. सरळ सांध्याची नळी सांध्यातच फुटायची भीती असते. तिरक्या वेढ्यांमध्ये तो जोर वाटला जातो.

पुढचा तपशील आपल्या कामाचा आहे. अकबराच्या कारखान्यात नळ्या साफ करण्यासाठी एक चाक होतं. ते बैलाच्या जोरावर फिरायचं आणि एका वेळी सोळा नळ्या साफ करायचं. म्हणजे शेवटचा हात हे तिथे स्वतंत्र, वेळखाऊ काम होतं, इतकं, की त्यासाठी यंत्र लागलं. नळीवर लोखंडाचं वजन, लोखंड कुठलं, कारागीर कोण, जागा, तारीख आणि क्रमांक कोरायचा नियमही होता. उस्ताद कबीर आणि हुसेन ही कारागिरांची नावं अबुल फजलने नोंदवून ठेवली आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ.

घासून गुळगुळीत केलेली नळी एकसारखी चकचकते, तिच्यातले वेढे दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून तिला हिराकसाच्या पाण्यासारखं सौम्य आम्लधर्मी द्रावण लावतात. पट्टीतल्या सगळ्या थरांमध्ये कर्ब आणि मळी सारखी नसते. काही थर जास्त खाल्ले जातात, काही कमी, आणि नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उठते. ती नुसती शोभा नव्हती. नक्षी अखंड दिसली तर जोड नीट बसलाय, आणि कुठे तुटली तर तिथे शंका घ्यायची, असं गिऱ्हाइकाला डोळ्यांनी तपासता यायचं.

मग गंजाचा प्रश्न. गंमत अशी, की गंजावरचा एक जुना इलाज म्हणजे गंजच. नवसागरासारख्या क्षाराचं पाणी लावून नळीवर मुद्दाम बारीक गंज येऊ द्यायचा, तारेच्या ब्रशने सुटा भाग झाडून टाकायचा, पुन्हा पाणी लावायचं. असं काही दिवस केलं की तपकिरी, घट्ट थर बसतो. तीच नळी मध्येच उकळत्या पाण्यात धरली तर तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि निळसर काळी झाक येते. तांबडा गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. काळा थर दाट असतो, तेल धरून ठेवतो. युरोपातल्या बंदूककारांनी ही पद्धत एकोणिसाव्या शतकात फार पुढे नेली.

आता हे सगळं आखाताच्या हवेत कसं टिकेल, याचा विचार करा. ऑगस्टमध्ये दुबईत एसीतून बाहेर पडलात की चष्म्यावर धुकं येतं. लोखंडावरही तेच होतं. किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या रात्री हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते, आणि त्या ओलीबरोबर समुद्राचं मीठ येतं. मिठातला क्लोराइड गंजाच्या थराखाली शिरतो आणि वरून सगळं ठीक दिसत असताना आत लोखंड खात राहतो. म्हणून इथे शेवटचा हात एकदाच देऊन भागत नाही. बंदूक जवळ बाळगणाऱ्याला ती पुसत आणि तेल लावत राहावंच लागतं.

लाकूड, तेल आणि पट्टे

लाकडाचं दुखणं वेगळं. दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, तेही आडव्या दिशेने जास्त. किनाऱ्यावरून वाळवंटात आणि परत जाणाऱ्या माणसाच्या बंदुकीचा कुंदा वर्षभर हलत असतो. तेल पाजल्याने ही हालचाल थांबत नाही, फक्त मंदावते.

पण तेल कोणतं? जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या छिद्रांमध्ये कायमचं बसतं. खोबरेल तसं कधीच वाळत नाही. ते लाकडाला चमक देतं, पण चिकट राहतं आणि धूळ धरतं. लाखेचं रोगण झटपट चकाकतं, पण उन्हाने आणि घामाने लवकर बिघडतं. म्हणजे 'तेल लावलं' एवढ्यावरून काहीच कळत नाही. आखाताचा किनारा यातला जाणकार होता, कारण इथली गलबतंही लाकडाचीच. केरळहून आलेल्या सागवानाच्या त्या होड्यांना इथले लोक शार्कच्या यकृताचं तेल चोपडत आणि पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबीचा लेप देत. लाकूड आणि खारं पाणी यांचं भांडण त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं.

चांदीच्या पट्ट्यांकडेही याच नजरेने बघायला हवं. युरोपातल्या बऱ्याच बंदुकांमध्ये नळी लाकडाला आडव्या खिळींनी अडकवलेली असे. हिंदुस्थानी आणि अरबी बंदुकांमध्ये ती बहुतेकदा चामड्याने, तारेने किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली असते. लाकूड हललं तरी बांधणी पुन्हा आवळता येते, आणि नळी सोडवून दुसऱ्या कुंद्यावर चढवता येते. मग जो पट्टा कामाचा होता, त्यावरच सोनाराने नक्षी काढली. ओमानच्या आणि या किनाऱ्याच्या सोनारांची बरीचशी चांदी मारिया थेरेसाच्या नाण्यांमधून आली. १७८० साल कोरलेली ही ऑस्ट्रियन नाणी त्या सालानंतरही त्याच तारखेने पाडली जात होती आणि अरबस्तानात चलन म्हणून चालत होती. ती वितळवून खंजिरांच्या म्यानांसाठी, दागिन्यांसाठी आणि बंदुकांसाठी चांदी मिळायची.

आता एक बंदूक डोळ्यांसमोर आणा. नळी हिंदुस्थानातून, इराणातून किंवा तुर्कस्तानातून आलेली. कुंदा नंतर कधीतरी बदललेला. पट्टे युरोपातल्या नाण्यांच्या चांदीचे, पण नक्षी ओमानी. अशा वस्तूचा देश कोणता? मला वाटतं, शेवटचा हात जिथे फिरला तो. नळी प्रवास करत आली. इथल्या लाकडाने, तेलाने आणि चांदीने तिला 'बू फतीला' केलं.

दोन किनारे, दोन वर्षं

अशा बंदुका आपल्या बाजूलाही आल्या, माणसांच्या खांद्यावरून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही पेशवे, नागपूरकर भोसले, बडोद्याचे गायकवाड, निजाम या सगळ्यांकडे अरब शिपाई नोकरीला होते. बरेचसे हद्रमौतचे, म्हणजे आजच्या येमेनचे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात पेशव्यांच्या बाजूने अरब लढले. त्याच वर्षी मे-जूनमध्ये मालेगावचा किल्ला, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला, अरबांच्या तुकडीने इंग्रजांविरुद्ध कित्येक दिवस लढवला. लढाया संपल्यावर अरब शिपायांना देशाबाहेर काढायचं, हे इंग्रजांचं धोरणच होतं.

पुढच्याच वर्षी दिशा उलटी झाली. नोव्हेंबर १८१९ मध्ये मेजर जनरल विल्यम ग्रँट केर मुंबईहून आरमार घेऊन निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याने रास अल खैमा घेतलं. मग उत्तरेचा धाया किल्ला पडला, आणि जानेवारी १८२० मध्ये इथल्या शेखांशी तो सागरी करार झाला, ज्यापासून या किनाऱ्यावरचा इंग्रजांचा अंमल मोजला जातो. हाच केर १८१९ च्या सुरुवातीला सावंतवाडीवर चालून गेला होता. त्याच्याबरोबर गोऱ्या पलटणींखेरीज मुंबई इलाख्याचे देशी शिपाईही होते. त्यांच्या हातात कंपनीच्या चकमकीच्या बंदुका होत्या. समोरच्या बाजूला जामगीच्या बंदुकाही होत्या.

यानंतर दोन्ही किनाऱ्यांचे रस्ते वेगळे झाले. हिंदुस्थानात १८५७ नंतर लोकांची हत्यारं काढून घेण्यात आली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची चौकट पक्की केली. गिऱ्हाईक गेलं, त्याबरोबर नळीचे आणि कुंद्याचे कारागीरही पांगले. कोकणात आजही काही शेतकऱ्यांकडे रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक असते, निवडणूक आली की ती पोलिसांकडे जमा करावी लागते. एवढाच धागा उरलाय. इकडे आखातात बू फतीला बराच काळ वापरात राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मस्कतमार्गे मार्टिनी-हेन्री रायफली आल्या, तेव्हा लोकांनी त्या विलायती, कारखान्यातल्या बंदुकांनाही चांदीचे पट्टे चढवले. शेवटचा हात इथलाच राहिला. लग्नात आणि राष्ट्रीय दिनाला होणारी अय्याला, जी २०१४ मध्ये यूएई आणि ओमानच्या नावे युनेस्कोच्या यादीत गेली, तिच्यात आजही कधीकधी बंदूक हवेत उडवून झेलली जाते.

खंडेनवमीचा प्रश्न

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं. तुमच्यापैकी काहींच्या गावच्या घरी एखादी जुनी तलवार, कट्यार किंवा निकामी बंदूक असेल. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला ती बाहेर निघते, पूजेआधी घासली जाते. पूर्वी राख, चिंच, लिंबू. आता सँडपेपर, ग्राइंडरचा ब्रश आणि वरून चकचकीत व्हार्निश. भावना चांगलीच असते. पण अकबराच्या कारखान्याचा नियम आठवा: नाव, गाव, तारीख नळीवर कोरलेली असायची. ती अक्षरं केसाएवढी खोल असतात. वेढ्यांची नक्षी तर त्याहून उथळ. दोन सणांत ती जाते आणि परत कधीच येत नाही. कारागिरांचं लिखाण आपल्याकडे जवळजवळ नाही. त्यांनी सोडलेला कागद म्हणजे हाच पातळ थर, आणि तो आपण भक्तिभावाने पुसून टाकतोय.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. कान्याभोवती काजळी आणि खड्डे असतील तर बंदूक खरोखर वापरली गेली. कुंद्यावर गाल टेकतो तिथलं लाकूड गुळगुळीत आणि गडद असेल तर कोणीतरी ती वर्षानुवर्षं खांद्याला लावली. पट्ट्याखालच्या लाकडाचा रंग वेगळा असेल तर पट्टा नंतर चढलाय. हे सगळं घासण्याआधीच दिसतं.

म्हणून पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा एवढंच सांगा. आधी सगळ्या बाजूंनी, तिरप्या उजेडात फोटो काढा. बंदूक असेल तर ती भरलेली नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या, आणि तिची कागदपत्रं आहेत ना, तेही बघा. मग मऊ, कोरड्या सुती कापडाने नुसती धूळ पुसा. पाणी नको, चिंच नको, सँडपेपर तर नकोच. जास्त करायचं असेल तर संग्रहालयातल्या संवर्धकाला विचारा. ते लोखंडावर मेणाचा अगदी पातळ हात देतात, जो पुढे काढताही येतो. हळदकुंकू ताटातल्या तांदळांवर वाहिलं तरी पूजा होतेच.