घोडबंदर रोड, तीस अंश आणि संगणकाचा पंखा

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा संगणक 1960 साली मुंबईत कामाला लागला. त्यात 2,700 व्हॅक्यूम ट्यूब होत्या. अशा यंत्रांची धग काढायची तर अख्खी खोलीच थंड ठेवायची, हा तेव्हाचा रिवाज. पुढची दोन-तीन दशकं बँकांमध्ये आणि कंपन्यांमध्ये संगणक कक्ष म्हणजे चपला बाहेर काढून आत शिरायची गार खोली, असंच चित्र होतं. ती गार हवा पुरवणाऱ्या उद्योगाचा एक पाय ठाण्यात होता. 1943 साली सुरू झालेल्या ब्लू स्टारचा आणि 1954 साली स्थापन झालेल्या व्होल्टासचा कारखाना पोखरण रोड नंबर दोनवर, घोडबंदर रोडपासून हाकेच्या अंतरावर होता. संगणक घरात आला आणि ही व्यवस्था उलटी झाली. आता खोली जशी असेल तशी, आणि गारव्याचा सगळा भार प्रोसेसरवर बसवलेल्या मूठभर धातूवर, म्हणजे हीटसिंकवर, आणि पंख्यावर. घरच्या संगणकाचा गोंगाट हा इथे स्वस्त पंख्यांचा दोष मानला गेला. माझ्या मते तो मुळात हवामानाचा प्रश्न होता. यंत्राने गृहीत धरलेली खोली वेगळी होती आणि घोडबंदर रोडवरची खोली वेगळी.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली या पट्ट्यात गृहसंकुलं उभी राहू लागली. त्याच वर्षांत मध्यमवर्गीय घरांनी संगणक घेतला. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून तो जुळवून घेण्याची पद्धत रूढ झाली. वन बीएचकेमध्ये संगणकाला वेगळी खोली कुठली? तो हॉलमध्ये दिवाणाशेजारी किंवा झोपायच्या खोलीत, डोक्यापासून दोन हातांवर बसला. नेमक्या याच काळात प्रोसेसरची उष्णता वाढत गेली. 1993 सालचा पहिला पेंटियम सुमारे 15 वॉट उष्णता सोडत असे. 2004 साली आलेल्या प्रेस्कॉट पिढीच्या पेंटियम 4 मध्ये हा आकडा 115 वॉटपर्यंत गेला. त्यात ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, भर पडली. 1998 सालचा सेलेरॉन 300ए हा प्रोसेसर बसचा वेग 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला की 450 मेगाहर्ट्झवर धावे. कमी पैशांत महागड्या प्रोसेसरचं काम मिळत असल्याने ही कला तरुणांमध्ये पसरली, पण तिची किंमत उष्णतेत मोजावी लागते. वीजखर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 20 टक्के आणि व्होल्टेज 10 टक्के वाढवलं, तर उष्णता सुमारे 45 टक्क्यांनी वाढते.

हवामानाचा पुरावा खुद्द इंटेलच्या तांत्रिक पत्रकांत आहे. खोक्यातून मिळणाऱ्या पेंटियम 4 च्या पंख्याचा वेग कॅबिनेटमधल्या हवेच्या तापमानावर ठरत असे. 30 अंश सेल्सिअसपर्यंत तो सर्वांत सावकाश फिरायचा आणि चाळिशी गाठायच्या आतच पूर्ण वेग घ्यायचा. थंड देशातल्या 22 अंशांच्या खोलीत हा हिशेब चोख बसतो. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये पारा 35 च्या पुढे जातो आणि ऑक्टोबरचा उकाडा वेगळाच. खोलीच 32-33 अंशांवर असेल, तर कॅबिनेटच्या आत सावकाश फिरण्याची वेळ पंख्यावर येणार कधी? हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, हा निसर्गनियम आहे. दर वॉटमागे 0.3 अंश वाढ होऊ देणाऱ्या हीटसिंकवर 100 वॉटचा प्रोसेसर असेल, तर कॅबिनेटमधल्या हवेवर 30 अंशांची भर पडते. परदेशातल्या चाचणीत 57 अंश दाखवणारा संच इथे सत्तरीला टेकतो, आणि ते अंतर भरून काढायला पंखा किंचाळतो. कॅबिनेटची बाजूची पत्रा-झडप काढून समोर टेबलफॅन लावायची आपल्याकडची सवय याच कोंडीतून आली. तिने तापमान उतरे, पण एका पंख्याच्या आवाजात दुसऱ्याची भर पडे आणि धूळ थेट आत जाई.

यातून खरी वाट काढली ती धातूच्या वाढलेल्या पृष्ठभागाने, कारण त्यावर मोठा, सावकाश फिरणारा पंखा पुरतो. पंख्याची हवा त्याच्या वेगाच्या आणि व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून 60 मिलिमीटरचा पंखा मिनिटाला 5,600 फेऱ्यांत जितकी हवा देतो, तितकी तशाच घडणीचा 120 मिलिमीटरचा पंखा 700 फेऱ्यांत देतो. पंख्यांच्या याच गणितानुसार आवाजात सुमारे 24 डेसिबलची घट होते. आवाजाची जातही बदलते. सात पात्यांच्या छोट्या पंख्याचा मुख्य सूर साधारण 650 हर्ट्झवर असतो, जो कानाला चांगलाच टोचतो. मोठ्या पंख्याचा सूर 82 हर्ट्झवर उतरतो, जिथे आपला कान मंद असतो. मात्र सावकाश पंख्याला हीटसिंकच्या दाट पात्यांतून हवा रेटता येत नाही. त्यासाठी पाती विरळ हवीत, म्हणजे हीटसिंक आकाराने मोठा हवा आणि तळाची उष्णता टोकापर्यंत नेणाऱ्या हीटपाइप हव्यात. 2005 च्या सुमारास जपानच्या साइथचा निन्जा आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे कूलर याच वाटेने गेले. प्रोसेसर बनवणाऱ्यांनीही दिशा बदलली. इंटेलने मे 2004 मध्ये तेजस हा नियोजित प्रोसेसर रद्द केला आणि जुलै 2006 मध्ये 65 वॉटचा कोअर 2 ड्युओ आणला.

यावर पहिला आक्षेप असा, की गुजरातकडून न्हावाशेव्याला जाणारे ट्रेलर जिथे रात्रभर धडधडतात, तिथे पंख्याच्या कुजबुजीची काय मातब्बरी? पण रहदारीचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला आणि खिडकीबाहेरचा, तर छोट्या पंख्याचा सूर उंच, अखंड आणि उशाशी असलेला. एक दुसऱ्याला झाकत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्रीसाठी 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. बाहेर ती पाळली जात नाही म्हणून घरातही सोसावं, हा न्याय नव्हे. दुसरा आक्षेप एसीचा. एसी खोली खाली आणतो हे खरं, पण प्रोसेसरचा प्रत्येक वॉट त्यालाच बाहेर फेकावा लागतो, आणि एसी बंद असतानाही संगणक चालतोच. पाण्याच्या कूलरलाही अखेर याच खोलीतल्या हवेत उष्णता सोडावी लागते. त्याला पंखे लागतातच, वर पंपाची घरघर. ओव्हरक्लॉकिंगच सोडा, हा सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे. व्होल्टेज न वाढवता मिळेल तेवढाच वेग घ्यावा, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी सर्वांत जास्त उष्णता मोजावी लागते.

धुळीचा मुद्दा खास या रस्त्याचा. टॉवर आणि वडाळा-कासारवडवली मेट्रोचं बांधकाम वर्षानुवर्षं सुरू राहिल्याने सिमेंटची बारीक भुकटी घरात येते आणि खाडीच्या दमट हवेत पात्यांवर घट्ट बसते. दाट पात्यांचा हीटसिंक काही महिन्यांत गुदमरतो. विरळ पाती ब्रशने साफ होतात. थोडक्यात, शांततेला जे लागतं तेच इथल्या धुळीलाही लागतं. म्हणून घोडबंदर रोडवर कूलर निवडताना खोक्यावरचे डेसिबल नंतर पाहावेत. आधी मे महिन्यातलं आपल्या खोलीचं तापमान धरावं, प्रोसेसरचे वॉट धरावेत, कॅबिनेटची रुंदी मोजावी आणि तीत मावेल तो सर्वांत मोठा, विरळ पात्यांचा हीटसिंक घ्यावा. थंड खोली गृहीत धरून बनलेली यंत्रं आपण तीस वर्षं जशीच्या तशी वापरली आणि त्यांचा गोंगाट नशिबाचा भाग मानला. तो आपल्या हवेचा हिशेब न केल्याचा परिणाम होता, आणि तो हिशेब प्रत्येक घराला करता येतो.