बोरेका : यहुदी बांधवांची शब्बाथाची न्याहारी

बोरेका हा सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालमधील, यहुदी बांधवांचा पारंपरिक खारा पदार्थ होय. आपण नाताळात करतो त्या करंजीप्रमाणे तो अर्धचंद्राकृती असतो; मात्र तो सहसा तळत नाहीत, भट्टीत भाजतात. तेल घालून मळलेल्या मैद्याच्या पारीत चीज, बटाटा, पालक किंवा भाजलेल्या वांग्याचे सारण भरतात.

या पदार्थामागे विस्थापनाचा इतिहास आहे. ३१ मार्च १४९२ रोजी राजा फर्डिनांड व राणी इसाबेला या कॅथलिक राजदांपत्याने, बाप्तिस्मा न स्वीकारणाऱ्या यहुद्यांनी स्पेन सोडावा, असा हुकूम काढला. अनेकांना ऑटोमन साम्राज्यात आश्रय मिळाला. तेथील तुर्की ‘बोरेक’ व स्पेनमधील ‘एम्पानादा’ यांच्या मिलाफातून बोरेका घडला, असे मानले जाते.

शब्बाथदिवशी स्वयंपाक निषिद्ध असल्याने बोरेका शुक्रवारीच भाजून ठेवतात आणि शनिवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर उकडलेल्या अंड्यांसह वाढतात. निर्गम ग्रंथातील आज्ञेवर आधारलेल्या नियमानुसार दूध व मांस एकत्र खात नाहीत. म्हणून चीजच्या बोरेकाबरोबर मांस नसते.

ग्रीसमधील थेसालोनिकी शहरात ही परंपरा बहरली. १९४३ साली नाझींनी तेथील ४०,००० हून अधिक यहुद्यांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठविले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात यहुदीद्वेषाचा धिक्कार केला आणि प्रेषित याच समाजातले होते, याचे स्मरण दिले. या बांधवांच्या ताटाची ओळख करून घेताना त्यांच्या दुःखाचे व आपल्या जबाबदारीचेही भान राहावे, असे आम्हांस वाटते.